दुसरा सरकार

लोक विचारतात, फेमस झाल्यावर कसं वाटलं. खरं सांगू का, मी आलो तेव्हा सरकार, म्हणजे सिरियलमधलं ते पात्र, ऑलरेडी फेमस होता. सिरियल चांगली जमलेली, घराघरात त्याचा गॉगल माहीत, त्याची अंगठी माहीत, शाळेतली पोरं त्याच्यासारखी मान वाकडी करून गडगडाटी हसायची, आणि मग एक दिवस ते काम करणारा नट सिरियलमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी मला उभं केलं. रिप्लेसमेंट. सिरियलचं आणि चॅनलचं नाव घेत नाही, ॲग्रीमेंटमधली काही कलमं अजून जिवंत आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. मला सांगायचंय ते एवढंच की दुसऱ्यानं मोठा केलेला रोल अंगावर कसा चढवतात, ते करताना काय काय होतं, आणि त्यात मला सगळ्यात जास्त कामी काय आलं असेल तर सेलूच्या स्टेशनजवळून भाड्यानं आणून वाचलेले कॉमिक्स. हसू नका, सीरियसली सांगायलोय.

सेलू म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जालना आणि परभणीच्या मधलं. तेव्हा आमच्याकडं मीटरगेज होती, गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं स्टेशनच्या बाहेर लोक तासन्‌तास बसलेले असायचे आणि त्यांच्या जिवावर एका चाचांची टपरी चालायची. पान, बिडी, लेमनच्या गोळ्या, आणि मागं सुतळीला कपड्याच्या चिमट्यानं लटकवलेले कॉमिक्स. घरी नेलं तर आठ आणे, तिथंच बाकड्यावर बसून वाचलं तर चार आणे. चाचा पुस्तक हातात द्यायच्या आधी पानं मोजायचे आणि म्हणायचे, "देख, पन्ना फटा तो पूरे पैसे लगते." हिंदीतले चाचा चौधरी, साबू, नंतर नंतर नागराज आणि ध्रुव हे ढिगानं असायचे. (नागराजची सुरुवातीची चित्रं काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे, आपलेच, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि उगाच माझी छाती फुगली होती.) मराठीत मात्र खरी चैन म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ (इंग्लिशमधला फँटम), मँड्रेक, आणि आपला देशी बहादूर, केशरी कुर्ता आणि जीन्सवाला, आबिद सुरतींनी १९७६ साली उभा केलेला. मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, ती बघूनच अर्धे पैसे वसूल व्हायचे. १९६४ ला सुरू झालेलं हे प्रकरण १९९० ला बंद पडलं, माझी सहावी-सातवी चालू होती, आणि कुणी सांगितलंच नाही बंद झालं म्हणून, नुसता नवा अंक येईना. मी महिनाभर चाचांना छळलं, शेवटी ते म्हणले, "अब नई आता बेटा, कंपनी बंद कर दी." माझ्या आयुष्यातली ही पहिली ऑफ-एअर गेलेली सिरियल.

वेताळची गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १५३६ साली समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात, कप्तान मारला जातो, त्याचा पोरगा वाहत किनाऱ्याला लागतो, जंगलातले बुटके लोक त्याला वाचवतात, आणि तो बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझी पुढची पिढी अन्यायाशी लढेल. मग बाप मेला की पोरगा तोच ड्रेस घालतो, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी. आपण वाचतो तो एकविसावा. पण जंगलातल्या लोकांना वाटतं चारशे वर्षं हा एकच माणूस आहे, मरतच नाही. लहानपणी मला मारामारीपेक्षा ते जास्त भारी वाटायचं, की गुहेत आधीच्या सगळ्या वेताळांना पुरलंय, त्यांनी लिहून ठेवलेल्या जाडजूड वह्या आहेत, आणि आताचा वेताळ अडचणीत आला की त्या वह्या उघडून बसतो. बाहेर जगाला वाटतंय हा अमर, आणि हा आत बसून पणजोबानं काय केलं होतं ते वाचायलाय.

ते डोक्यात कुठंतरी राहून गेलं असणार. मधली वर्षं पटकन सांगतो कारण ती सगळ्याच नटांची सारखी असतात. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर, पण तेव्हा औरंगाबादच) विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो, युवक महोत्सव केले, तापडियाला आणि एकनाथ रंगमंदिराला जे लागेल ते बघितलं, लक्ष्मण देशपांडे सरांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघून आल्यावर रात्रभर झोप आली नाही, एकटा माणूस आणि पन्नासच्या वर पात्रं. मग देवगिरी एक्स्प्रेस, मुंबई, चार जणांत एक खोली, हवालदार नंबर दोन, डॉक्टर ज्याला एकच वाक्य असतं ("आम्ही आमच्याकडून प्रयत्न केले"), हिरोईनचा मेव्हणा वगैरे.

फोन संध्याकाळी आला. "दादा, उद्या लूक टेस्टला येता का, घोडबंदर रोडला, आणि प्लीज कुणाला बोलू नका." कशासाठी ते सांगेनात. गेलो तर मेकअप रूममध्ये हँगरला ते जॅकेट. महाराष्ट्रात कुणीही ओळखलं असतं ते जॅकेट. कॉस्च्युमवाल्या दादानं मला घातलं, आणि कॉलरच्या आत पेनानं लिहिलेली पहिल्या नटाची आद्याक्षरं माझ्या मानेला लागली. म्हणजे शाई काय लागत नसते मानेला, पण मला लागली. खांदे त्यांचे रुंद, माझे उतरते, तर आत पॅड घातले. अंगठी ढिली होत होती, दादानं आतून काळा दोरा गुंडाळला, दातानं तोडला आणि म्हणला, "हलवून बघा." बसली. गॉगल तेवढा परफेक्ट आला. मग क्रिएटिव्हच्या मॅडम आल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणल्या, "आम्हाला सेम तोच सरकार हवाय, पण फ्रेश." मी म्हणलं हो. काय म्हणणार, घराचा हप्ता आणि पोरीची फी दोन्ही समोर दिसत होती.

घरी आलो आणि पहिल्या नटाला फोन लावला. कामून सोडलं, त्यांनी सोडलं की अजून काही, त्यात मी जात नाही, ते त्यांचं आणि प्रॉडक्शनचं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी सीनियर, रंगभूमीवरचा दांडगा माणूस, नाव घेत नाही. मला वाटलं होतं उचलणारच नाहीत. उचलला. म्हणलं दादा, असं असं आहे, तुमचा रोल मला देऊ करायलेत, तुम्ही नको म्हणत असाल तर मी नाही करत. (हे म्हणताना पोटात गोळा आला होता, कारण ते नको म्हणले असते तर?) ते थोडा वेळ गप्प. मग म्हणले, "अरे कर की. तू नाही तर दुसरा कुणी करेल. एक काम कर, हसणं सोडून सगळं घे. ते हसणं माझ्या वडलांचं आहे, ते गेल्यावर मी सरकारला दिलं होतं. ते तू नको करू." मी म्हणलं नाही करणार. "आणि गॉगलची उजवी काडी ढिली आहे, वाकून बोललास की घसरते. स्क्रू आवळून घे, कॉस्च्युमवाले विसरतात."

झाली पंचाईत. सरकारचं हसणं म्हणजे सरकार. रायटर लोक सीनच्या शेवटी डोळे झाकून लिहायचे, "सरकार गडगडाटी हसतो", आणि त्याच्यावर ढँण म्युझिक आणि उद्याचा एपिसोड. आणि मी शब्द देऊन बसलेलो.

त्या रात्री मी माझी पेटी काढली. माझ्याकडं तेव्हाही थोडेफार इंद्रजाल होते, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेले, बरेचसे इंग्लिश. तुम्ही वेताळ कधी नीट बघितलाय का? त्याच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं आहे, आत बुबुळ काढलेलंच नाही. म्हणजे चित्रकारानं नटाचं सगळ्यात मोठं हत्यारच काढून घेतलंय. आणि तरी त्याला राग आलाय का कीव आलीय का तो कंटाळलाय हे तुम्हाला कळतं. कशावरून कळतं? सी बॅरी नावाच्या चित्रकारानं साठच्या दशकापासून तीसएक वर्षं वेताळ काढला, आपण वाचलेले बरेचसे त्याचेच, तर त्याची चित्रं बघा, जबडा आणि मान. जबड्याखालची सावली, मानेची शीर, खांदा किती वळलाय. बस. बाकी चेहरा दगड. आणि दुसरं, अशा कॉमिक्समध्ये गुंड काहीतरी धमकी देतो, पुढच्या चौकटीत वेताळ नुसता उभा, फुगा नाही, एक अक्षर नाही, आणि त्याच्या पुढच्या चौकटीत गुंड आडवा. ठोसा कधीकधी दाखवतच नाहीत. तो ठोसा दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत बसलेला असतो आणि तो मारतो कोण, तर वाचणारा. आपणच.

मी म्हणलं आपल्याला पण गॉगलच आहे की. बुबुळं नाहीतच आपल्याला.

पहिल्या दिवशी सीन होता गावातला मास्तर सरकारला सगळ्यांसमोर जाब विचारतो. शेवटी लिहिलेलं, गडगडाटी हसतो. डायरेक्टरनं ॲक्शन म्हणलं, मास्तरचं वाक्य संपलं, आणि मी हसलो नाही. काहीच केलं नाही. मान जेवढी वाकडी होती तेवढीच ठेवली, फक्त दात आत दाबले, बाहेरून जबड्याची गाठ दिसेल एवढेच, आणि थांबलो. सेटवर कुणाला कळेना की मी वाक्य विसरलोय का काय. मास्तर करणारा पोरगा बिचारा नवीन, तो खराखुरा घाबरला, त्याची नजर खाली गेली. तिथं मी वळून निघून गेलो. डायरेक्टर कट म्हणायचं विसरला. मग म्हणला, "सर, हसायचं होतं." मी म्हणलं, हा हसत नाही. "पण आधीचा हसायचा." मी म्हणलं, आता हसणं बंद केलं त्यानं. डायरेक्टरनं घड्याळ बघितलं, रिटेक घेण्यात दहा मिनिटं जाणार आणि रोज एक एपिसोड म्हणजे बावीसएक मिनिटांचं मटेरियल काढायचं असतं, म्हणला चला, चेक करून सांगतो. असे असतात आपल्याकडचे कलात्मक निर्णय.

कॅमेरावाल्या दादाला पण मी म्हणलं, दादा लाईट जरा वरून ठेवता का, जबड्याखाली सावली पडू द्या. तो म्हणला, "दिवसाला एवढे सीन मारायचेत, तुमची सावली कुठं बघत बसू?" दोन-तीन आठवड्यांनी तोच मॉनिटरला बघून स्वतःहून लाईट सरकवायला लागला, बोलला काहीच नाही, माणूस भारी होता.

टेलिकास्टच्या दिवशी स्क्रीनखाली पट्टी गेली, आजपासून ही भूमिका अमुक अमुक साकारतील. आणि जे काही सुरू झालं. शिव्या. हा कोण बारका, हा सरकार नाही तर सरकारचा ड्रायव्हर वाटतोय, आमचा सरकार परत द्या. ड्रायव्हरवाली कमेंट तर मला आवडलीच, खांदे बघून कुणीतरी बरोबर पकडलं होतं. गुरुवारी टीआरपी आला, नंबर खाली. ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर साहेब, रोज सकाळी गुड मॉर्निंग सर म्हणायचे, ते मोबाईलमध्ये बघत जायला लागले. टीव्हीत ही एक सोय आहे, आपली किंमत काय चाललीय हे गुरुवारी चहा देणाऱ्या पोराच्या तोंडावरून पण कळतं.

सेलूला आईला शेजारच्या मावशी म्हणल्या, "तुमच्या लेकरानं कामून घेतलं ते काम? पहिला किती चांगला होता वं." आई म्हणली, "चांगला होता तर सोडून कामून गेला?" हे मला आईनं फोनवर सांगितलं आणि मग आवाज बारीक करून म्हणली, "पण थोडं हसत जा रे, तोंड लई सुकल्यासारखं दिसायलंय."

कलाटणी कधी मिळाली ते एक्झॅक्ट सांगता येत नाही, पण एक सीन होता, सरकारचा पोरगाच विरोधकांना जाऊन मिळालाय हे त्याला कळतं. माझ्या आधीच्यांनी हा सीन हसून फोडला असता आणि काय फोडला असता, मी मनातल्या मनात त्यांचं व्हर्जन ऐकलं सुद्धा. मी फक्त अंगठी काढून टेबलावर ठेवली. काढताना आतला काळा दोरा सुटला आणि बोटाला अडकून लोंबत राहिला, मी तो तसाच राहू दिला, कॅमेऱ्यानं पण तो धरला. ती क्लिप फिरली. नंतर कळलं शाळेतली पोरं आता हसायचं सोडून नुसतीच मान वाकडी करून दात दाबून उभी राहायला लागलीत, मास्तर काय विचारलं तरी गप्प, आणि एका मास्तरीण बाईंनी मला मेसेज केला की सर प्लीज सरकारला बोलायला लावा, तोंडी परीक्षा आहे.

मग ते सगळं सुरू झालं ज्याला फेम म्हणतात. आमच्याकडं म्हणतातच, जगात जर्मनी, भारतात परभणी, तर परभणीवाल्यांनी मला जर्मनीच्या लेव्हलला नेऊन ठेवला. नवरात्र, दहीहंडी, साडीच्या दुकानाचं उद्घाटन, क्रिकेटच्या बक्षिसाला, सुपाऱ्या चालू. एका गावात पोचलो तर वेशीवर भला मोठा फ्लेक्स, परभणीचा ढाण्या वाघ, खाली माझं नाव, आणि फोटो पहिल्या सरकारचा. मी आयोजकाला म्हणलं, भाऊ, हा मी नाही. तो फ्लेक्सकडं बघतो, माझ्याकडं बघतो, परत फ्लेक्सकडं बघतो. "सर, गॉगल तर तोच आहे की." आणि मिरवणूक निघाली त्या फोटोखालून, फटाके, हलगी, कुणाला काही फरक पडला नाही. मी पण हात हलवत गेलो. वेताळच्या गोष्टीतल्या डेंकालीच्या जंगलातला एकविसावा आणि काय वेगळं करतो.

दुसऱ्या एका ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर पाथरीकडचा एक म्हातारा माणूस थांबून राहिला. सिरियलमध्ये सरकार साखर कारखान्याचा चेअरमन. हा जवळ आला, टोपी काढली आणि म्हणला, "सरकार, तेवढं आमच्या ऊसाला तोड येऊ द्या, वाळून चाललाय, तुरा आलाय." मी म्हणलं बाबा, मी नट आहे हो, कारखाना खोटाय. तो म्हणला, "हौ, माहितंय मला. पण तुमची ओळख असंल की." खरं तर त्याच्या बोलण्यात चूक काय होती? टीव्हीतला माणूस एवढ्या मोठ्या लोकांत ऊठबस करतो म्हणजे एक चिठ्ठी आणू शकतो, असा साधा हिशोब. मी एका ओळखीच्याला फोन लावला, काही झालं नसणार. ती गोष्ट मी मुलाखतीत सांगितली तेव्हा सगळे हसले, मी पण हसलो, आणि आता लिहिताना तसं हसू येत नाहीय.

निळूभाऊ फुल्यांना बायका खरोखर शिव्या घालायच्या हे सगळ्यांना माहितीय, आणि प्रत्यक्षात तो माणूस सेवादलाचा, साधा. मी काय त्यांच्या नखाची सर नाही, पण एवढं कळलं की शिव्या पचवायला तेवढ्या अवघड नसतात जेवढा त्या ऊसवाल्या बाबांचा विश्वास.

पहिल्या सरकारची आणि माझी समोरासमोर गाठ पुण्यात एका समारंभात पडली. बोलत उभे होतो, ते बिनगॉगलचे, पांढरी दाढी वाढवलेली नव्या नाटकासाठी. एक बाई आल्या पोराला घेऊन, मला म्हणल्या सरकार एक फोटो, आणि मोबाईल दिला तो त्यांच्या हातात. "काका, जरा काढता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल आडवा धरला आणि मला म्हणले, "थोडा डावीकडं सरक, उजेड मागून येतोय." चांगले तीन-चार काढले. बाई गेल्यावर म्हणले, "तू हसत नाहीस ते बरं केलंस. मी घरी बघतो, मला वाटतं बाबांना सुट्टी मिळाली." मग आम्ही जेवणाच्या रांगेत गेलो, तिथं पनीर संपलं होतं यावर त्यांनी आयोजकांना जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाटकवाल्यांना खरं तर यात नवल वाटायला नको. नटसम्राट १९७० साली आलं, डॉ. लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, सगळ्यांनी केला, आणि जुने लोक अजून भांडतात कुणाचा भारी म्हणून. वऱ्हाड लक्ष्मण देशपांडे सरांनंतर आपल्या मराठवाड्यातल्याच संदीप पाठकनं उचललं. तिथं प्रेक्षकाला माहीत असतं हा दुसरा आहे, तो तुलना करायलाच तिकीट काढतो. सिरियलमध्ये तसं नाही. सिरियलमध्ये दुसरा आला की पहिला पुसायचाच असतो, जुने एपिसोड परत दाखवतानासुद्धा ते माझेच निवडायचे, आणि हे मला शेवटपर्यंत आवडलं नाही. वेताळच्या गुहेत निदान समाध्या तरी असतात. आणि गंमत बघा, वेताळ काढणारे हात पण बदलत गेले, आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, मग सी बॅरी, आम्ही सेलूत बसून कधी विचारलं का की हा नवीन कोण? लिहिणारा मात्र १९९९ ला मरेपर्यंत एकच, ली फॉक. हा फॉक नाटकवाला पण होता बरं का, आयुष्यभर नाटकं बसवली, थिएटरं चालवली, मार्लन ब्रँडो त्याच्याकडं काम करून गेला. मला हे कळलं तेव्हा मी मनात म्हणलं, तरीच.

कॉमिक्सचं हे सगळं मी एकदा एका मोठ्या दिग्दर्शकाला सांगायला गेलो तर तो म्हणला अरे तू अजून वेताळ वाचतोस, आणि ज्या टोनमध्ये म्हणला तो मला ओळखीचा होता, आमचे मास्तर पण पुस्तकात लपवलेलं इंद्रजाल सापडलं की त्याच टोनमध्ये बोलायचे. मला वाटतं आपल्याकडं नट लोकांना चित्रं बघायला शिकवतच नाहीत. आवाज, उच्चार, स्वगत, सगळं. शरीर थांबलं की कसं दिसतं हे कुणी शिकवत नाही. चांगला कॉमिक्सवाला फक्त थांबलेलं शरीरच काढतो, त्याला हलवायची सोयच नाही. नव्या पोरांनी वर्कशॉपला पैसे घालायच्या आधी चार जुने अंक आरशासमोर उघडून बसावं, मी फुकटात सांगायलोय.

सिरियल संपली ती जशी संपतात तशी, महिनाभर आधी कुजबुज, मग एक दिवस कळलं शेवटचं शेड्युल. पॅकअपला केक कापला, सगळे रडले, मी पण. कॉस्च्युमवाला दादा गॉगल न्यायला आला. मी म्हणलं दादा एक राहू दे की आठवण. तो म्हणला, "सर लिस्टमध्ये आहे, गोडाऊनला जमा करावा लागतो, पुढच्या सिरियलमध्ये कुणाला तरी लागेल." अंगठीसुद्धा नेली. शेवटचे पैसे नव्वद दिवसांच्या नियमानं नव्वद दिवसांनी यायचे ते त्याच्या कितीतरी पुढं गेले, ते असो, त्या प्रॉडक्शनचं नाव घेऊन काय करायचंय.

नंतरचं वर्ष वाईट होतं. कामं यायची पण सगळी गॉगलची. राजकारणी, गॉगल. गुंड, गॉगल. एका जाहिरातीत तर बटाटेवड्याचं पीठ विकायचं होतं, तिथं पण गॉगल. मी दोन-तीन करून बाकीच्यांना नाही म्हणलं, आणि नाही म्हणल्यावर फोन किती पटकन बंद होतात हे बघून मला थोडी भीती वाटली. बायको म्हणली, "घ्या की, गॉगल का चावतोय?" तिचं बरोबर होतं, घर ती चालवत होती. आता बरं चाललंय, नाटक आहे, एक वेब सिरीज झाली, त्यात मी पोस्टमास्तर आहे आणि डोळे दिसतात, मला स्वतःलाच माझे डोळे बघून कसंतरी झालं. सरकारचा हिंदी रिमेक पण आला, तिथला सरकार गॉगल घालत नाही, डोळे मोठे मोठे करतो. चालतंय तिकडं.

माझा सगळा जीव आता मराठी इंद्रजालमध्ये अडकलाय. आठशेच्या वर अंक निघाले, इंग्लिश तरी मिळतात, भाव जास्त सांगतात पण मिळतात, मराठी मिळता मिळत नाहीत. संभाजीनगरला गेलो की रविवारी जाफरगेटच्या बाजारात एक चक्कर मारतोच, तिथं जुन्या पंख्यांच्या आणि सायकलच्या चेनच्या ढिगात पुस्तकं असतात, एकदा बहादूरचा एक सापडला, मागचं पान नाही, शेवट काय झाला माहीत नाही, तरी घेतला. विकणारा मला ओळखून म्हणला, सरकार तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे, आणि मग दुप्पट घेतले. तर मराठवाड्यात कुणाच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं, आजोबांच्या पेटीत मराठी वेताळ पडलेला असेल तर रद्दीत घालू नका, पान फाटलेलं असलं तरी चालंल, मी स्वतः येऊन घेऊन जातो, फोटोला गॉगल पाहिजे असला तर तो तुमचा तुम्ही आणा.